सामग्री

दोन दिवाळ्यांपूर्वी आमच्या घरी एक लहानशी सभा भरली होती. तिचा वृत्तान्त वाचकांस सांगावा असे पुष्कळ दिवस मनात होते. परंतु ज्या प्रकरणात स्वतःचीच चूक निघाली, ते लिहावयास लेखणी सहसा तयार होत नाही. आज ती तयार झाली आहे, तेव्हा लिहून टाकतो.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा वाणिज्य शाखेची पदवी घेऊन दोन वर्षे एका कचेरीत नोकरी करीत होता. पाडव्याच्या दिवशी फराळाची ताटे अजून उचलली नव्हती, तोच त्याने जाहीर केले की, आपण नोकरी सोडून ‘डीजे’ होणार. म्हणजे साखरपुडा, लग्न, वाढदिवस असे कोणाकडे काही असले की आपली यंत्रे घेऊन तेथे जावयाचे, गाणी लावावयाची, मंडळींना नाचवावयाचे आणि रात्री सर्व गुंडाळून घरी यावयाचे. खिशातून त्याने एक यादी काढली. तिच्यात पंधरा इंची चार स्पीकर, अठरा इंची दोन बेस, अॅम्प्लिफायरचे कपाट, शार्पी दिवे, धुराचे यंत्र आणि ज्यांची नावेही आम्हांस उच्चारता येईनात अशा आणखी अनेक वस्तू होत्या. बेरीज होती ४,८०,००० रुपये.

बंधू काहीच बोलले नाहीत. ते संतापले म्हणजे बोलत नाहीत. आमच्या मातोश्री, वय वर्षे ८६, मात्र उठल्या, आतल्या कपाटातून फडक्यात बांधलेल्या चार पाटल्या घेऊन आल्या आणि नातवापुढे ठेवून म्हणाल्या, “ह्या घे. नुसत्या पडूनच आहेत.”

आम्ही दोन हरकती घेतल्या. एक अशी की, सोने गहाण टाकून ज्यांची किंमत दुकानाबाहेर पडताच उतरते अशा वस्तू घेणे हा व्यवहार नव्हे. ही हरकत बरोबर होती. दुसरी अशी की, आपल्या घराण्यात हे काम आजवर कोणी केलेले नाही. ह्यावर मातोश्री आमच्याकडे वळून म्हणाल्या, “तुझ्या लग्नात सनई पाच मिनिटे उशिरा आली, तर केवढा रुसला होतास! आणि त्या सनईवाल्यांना आपण मागल्या दारी जेवायला वाढले, ते मला अजून लागते.” ह्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. ज्यांच्याशिवाय आपले एकही मंगलकार्य पार पडत नाही, त्यांच्या धंद्यास आपण कमी लेखीत आलो; आणि आता तोच धंदा आपल्या ओटीवर आला तेव्हा घराण्याची आठवण झाली! दुसरी हरकत आम्ही तेथेच मागे घेतली. पहिली मात्र सोडली नाही. पाटल्या कपाटात परत गेल्या, आणि यादी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेसारखी आमच्यापुढे तपासणीस आली.

आम्ही पडलो संस्कृतचे शिक्षक. विषय कोणताही असो, प्रथम शब्द धरावयाचा ही जुनी खोड. ‘डिस्को’ हा शब्द फ्रेंच ‘डिस्कोथेक’ ह्याचे आखूड रूप. त्यातील ‘डिस्क’ म्हणजे तबकडी. आणि ‘थेक’ हा ग्रीक शब्दाचा वंशज असून त्याचे मूळ आपल्या ‘धा’ धातूच्याच कुळातील आहे. तेव्हा डिस्कोथेक म्हणजे तबकड्यांचे निधान. गाणी नीट जपून, निवडून ठेवणे हे ह्या धंद्याचे मूळ. दिवे आणि धूर मागाहून आले.

दुसरा शब्द ‘सामग्री’. हा आपण रोज वापरतो, परंतु त्यात ‘समग्र’ दडलेला आहे हे विसरतो. नैयायिक म्हणतात की, एखादे कार्य घडावयाचे तर त्याची सर्व कारणे एकत्र यावी लागतात, आणि त्या साकल्यास सामग्री म्हणावयाचे. माती आहे, चाक आहे, कुंभार आहे, पण दंड नाही, तर घट होत नाही. पुरोहितांची यादी पाहा: चांदीची भांडी असोत वा पितळेची, पूजा अडत नाही, पण ऐन वेळी काडेपेटी नसली तर सगळे घर धावू लागते. पुतण्याच्या यादीत चांदीची भांडी पुष्कळ होती, काडेपेटी नव्हती. एवढे आम्हांस कळले; परंतु काडेपेटी कोणती हे मात्र त्या दिवशी कळले नाही. ते पुढे सांगतो.

साताऱ्यात ध्वनिवर्धकाचा व्यवसाय करणारे एक वृद्ध गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. कर्णे आणि तबकड्यांचा बदलयंत्री रेकॉर्डप्लेअर ह्यांपासून त्यांनी सुरुवात केली, आणि आज त्यांचे दोन टेम्पो फिरतात. त्यांच्याकडे यादी नेली तेव्हा ते हसून म्हणाले, “गुरुजी, दर कार्याला जे लागते ते विकत घ्या. चार कार्यांतून एकदा लागते ते माझ्याकडून भाड्याने न्या. माझेही चालेल, पोराचेही चालेल.” ह्या एका वाक्याने यादीतील बेस, शार्पी, धूर आणि अॅम्प्लिफायरचे कपाट खाली उतरले.

उरलेल्या वस्तूंसाठी पुतण्या आणि आम्ही पुण्यास बुधवार पेठेत आणि तपकीर गल्लीत दोन दिवस हिंडलो. तेथे जे शिकलो ते ह्या धंद्यात पाऊल टाकणाऱ्या इतर मुलांच्या व त्यांच्या पालकांच्या उपयोगी पडेल म्हणून क्रमाने देतो.

पहिली वस्तू कंट्रोलर. पूर्वी दोन तबकडीयंत्रे आणि मध्ये मिक्सर असे साहित्य लागे. १९७२ साली निघालेले टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे तबकडीयंत्र पुढे ह्या लोकांचे जणू कुलदैवतच झाले. आता गाणी संगणकात असतात, आणि दोन लहान चकत्या व मधली बटणे असलेली एक पेटी त्यास जोडली की तेच काम होते. नवशिक्यास दोन वाहिन्यांची पेटी पुरते. संगणक पुतण्याकडे होताच. त्यातील कचेरीचे व करमणुकीचे सर्व काढून तो ह्या एकाच कामास वाहिला, हे उत्तम केले. कार्य चालू असता संगणकाने आपण होऊन स्वतःला अद्ययावत करू नये, एवढी तजवीज आधी करून ठेवावी लागते.

दुसरी वस्तू स्पीकर. येथे दुकानदार वॉटचे आकडे सांगून गिऱ्हाइकास भुलवतात. पेटीवर मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो तो बहुधा क्षणभराच्या उच्चांकाचा असतो. विचारावयाचा तो सतत चालणारा, ज्याला आरएमएस म्हणतात तो. शिवाय गणित असे आहे की, शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानास दुप्पट वाटावयास सुमारे १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ती लागते. ५०० वॉटच्या जागी १,००० वॉटचा स्पीकर घेऊन आवाज दुप्पट होईल ही समजूत म्हणून खोटी. उलट तोच स्पीकर स्टँडवर चढवून श्रोत्यांच्या डोक्यांच्या वर नेला, तर पुढल्या रांगेच्या अंगांत जिरणारा बारीक स्वर मागच्यापर्यंत पोचतो. स्टँडला जो थोडा खर्च येतो तो असा सार्थकी लागतो. आम्ही अंगचा अॅम्प्लिफायर असलेले बारा इंची दोन स्पीकर घेतले. शंभर-सव्वाशे मंडळींच्या बंद सभागृहास ते पुरतात. मोठे कार्य असले तर बेस भाड्याने येतो.

तिसरी वस्तू माइक. नाच काय, होईल वा न होईल. पण यजमानास चार शब्द बोलावयाचे असतात, आजीबाईंना आशीर्वाद द्यावयाचा असतो, आणि तेवढे ऐकू आले नाही तर सारे कार्य बिघडले असे घरोघर म्हणतात. माइक तारेचा, साधा, पण चांगला घ्यावा. १९६६ साली बाजारात आलेला शुअर कंपनीचा एसएम-५८ हा नमुना आजही विकला जातो, ह्यावरून माइकात नवेपणास किती किंमत द्यावी ते समजते.

चौथी वस्तू कान झाकणारा हेडफोन. पुढचे गाणे मंडळींस ऐकू जाण्याआधी डीजेने स्वतः ऐकावे लागते. आणि त्याच बरोबर कानांत घालावयाची बुचे. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास काम करणे ही सुरक्षिततेची मर्यादा समजतात. दर ३ डेसिबलला ती वेळ निम्म्याने घटते, आणि १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात. ज्याचा कान हेच ज्याचे भांडवल, त्याने ते आधी जपावे. वहिनींनी ही बुचे आवर्जून दोन जोड घ्यावयास लावली.

पाचव्या तारा. माइकच्या व स्पीकरच्या तारेला तीन टाचांची पिन असते, तिला एक्सएलआर म्हणतात. तिच्यातील दोन तारांतून एकच स्वर परस्परांच्या उलट जातो, त्यामुळे वाटेत शिरलेली घरघर शेवटी आपोआप वजा होते, आणि तार लांब नेता येते. तरीही विजेची तार आणि स्वराची तार शेजारी शेजारी गुंडाळून नेऊ नयेत. यंत्रे सुरू करताना स्पीकर सर्वांच्या शेवटी जागवावे आणि बंद करताना सर्वांच्या आधी निजवावे. नाहीतर जो धाडकन आवाज होतो त्याने स्पीकरचा पडदा फाटण्याचे भय असते.

कंट्रोलरला ३०,०००, दोन स्पीकरांना ६६,०००, स्टँड, माइक व हेडफोन मिळून २०,०००, आणि तारा व पिशव्यांना १२,००० असे एकूण १,२८,००० रुपये झाले. निम्मे बंधूंनी, निम्मे आम्ही दिले. दर कार्यामागे ३,००० रुपये परत करावे, असा रीतसर कागद झाला. घरातल्या घरात कागद कशाला, असे वहिनी म्हणाल्या. परंतु घरातल्या घरातच तो अधिक लागतो, असे आमचे मत आहे.

कायद्याची माहिती हीही सामग्रीच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ह्या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सभागृहासारख्या बंद जागेत, आतल्या आतच, त्यास मुभा आहे. ध्वनिवर्धकास लेखी परवानगी लागते. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल व रात्रीची ४५ आहे. रुग्णालये, शाळा व न्यायालये ह्यांच्या भोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येते. गाण्यांच्या हक्काविषयी म्हणाल, तर १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात विवाहाची वरात व विवाहाशी निगडित समारंभ ह्यांस सूट आहे. परंतु एखाद्या कंपनीची मेजवानी किंवा हॉटेलातील नववर्षाचा कार्यक्रम असला, तर परवाना घ्यावा लागतो. तो कोणी घ्यावयाचा, हे यजमानाशी आधी लेखी ठरवावे. “रात्री दहानंतर बाहेर वाजवणार नाही,” हे वाक्य पुतण्याने आपल्या दरपत्रकात पहिल्याच ओळीत छापले आहे. त्यामुळे काही कामे गेली. आम्हांस त्याचे वाईट वाटत नाही.

आता आमच्या चुकीकडे येतो.

पुण्यात तपकीर गल्लीत पुतण्याने एक एक्स्टेन्शन बोर्ड पाहिला होता. जाड तिहेरी तार, मोठी १६ अँपिअरची पिन, आणि आत गळती ओळखून वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची कळ, जिला आरसीसीबी म्हणतात. किंमत १,९०० रुपये. आम्ही ती ओळ यादीतून स्वहस्ते खोडली. “अरे, घरात दोन बोर्ड पडून आहेत, नवा कशाला?” असे वर म्हटले. तो एकदा “पण काका…” म्हणाला आणि गप्प राहिला. चाळीस वर्षे मुलांच्या वह्यांवर लाल शाई ओढलेल्या हाताला खोडण्याची सवय असते.

पहिले काम मार्गशीर्षात मिळाले. एका कार्यालयात साखरपुडा, मंडळी सव्वाशे. काळजीपोटी आम्हीही गेलो आणि एका कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो. आरंभ उत्तम झाला. पुतण्याने प्रथम सनई लावली, मग वडिलधाऱ्यांच्या ओळखीची जुनी गाणी, मग हळूहळू ठेका वाढवीत तरुणांना उठवले. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ चित्रपटातील गाणे लागले, तेव्हा आमच्याच वयाचे दोन गृहस्थ सर्वांआधी नाचू लागले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. अंगठ्या घालून झाल्यावर वराच्या आजी माइक हाती घेऊन बोलावयास उभ्या राहिल्या. आणि त्यांचे दुसरे वाक्य पुरे होण्याच्या आत सर्व बंद पडले. पाठोपाठ जळक्या रबराचा वास आला.

आचाऱ्याच्या माणसाने कॉफीचे यंत्र जोडपिन लावून आमच्याच बोर्डात खोचले होते. बोर्ड ६ अँपिअरचा. २३० व्होल्टच्या हिशेबाने तो १,३८० वॉटपर्यंतचा भार सोसणार. कॉफीचे यंत्र एकटेच २,००० वॉटचे होते. कार्यालयाच्या वीजतंत्र्याने तो बोर्ड उघडून आम्हांस दाखवला. आतले प्लॅस्टिक वितळले होते. परंतु त्याहून भयंकर गोष्ट निराळीच होती. बोर्डावर भोके तीन होती, पण आत तारा दोनच आल्या होत्या. अर्थिंगची तार मुळी नव्हतीच. “गुरुजी, यंत्राच्या अंगात वीज उतरली असती, तर ती जायला वाट नव्हती,” तो म्हणाला, “आणि माइक लोखंडाचा असतो.” त्या आजींच्या हातातील माइककडे पाहून आमच्या अंगावर जो काटा आला, तो अजून आठवला तरी येतो.

वीस मिनिटे सभागृहात शांतता होती. वधूच्या आत्याबाई हुशार. त्यांनी उखाण्यांचा आग्रह सुरू केला आणि वेळ मारून नेली. वीजतंत्र्याने आपला बोर्ड दिला, तेव्हा पुढचे पार पडले. यजमानांनी ठरलेली रक्कम दिली. पण लग्नाचे काम मात्र दुसऱ्याला गेले. “बोर्ड कोणी आणला होता?” असे त्यांनी विचारले, तेव्हा आम्ही पुढे होणार, तोच पुतण्या म्हणाला, “चूक माझी. मी तपासून घ्यायला हवा होता.” आमच्या तोंडून त्या वेळी शब्द फुटला नाही.

परतताना वाटेत आम्ही त्याला म्हणालो, “अरे, तू माझे नाव का सांगितले नाहीस?” तो म्हणाला, “काका, सामान माझे म्हणून लावले होते. ते तुमचे कसे होईल?” शिक्षकाच्या जन्मात विद्यार्थ्याकडून धडा घेण्याचे प्रसंग आम्हांस आले नाहीत असे नाही; पण इतका नीट धडा क्वचितच मिळाला असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुण्याची गाडी धरली. तसले दोन बोर्ड आणले, एक वापरावयाचा आणि एक राखीव. शिवाय अर्थिंग तपासण्याची एक लहान पिन आणली. ती भिंतीत खोचली की दिव्यांच्या खुणेने अर्थ आहे की नाही ते दिसते. तिची किंमत इतकी क्षुल्लक की सांगावयाची लाज वाटते. हे पैसे कर्जाच्या कागदात धरलेले नाहीत. घरातील दोन्ही जुने बोर्ड मोडून टाकले; वाचकांनीही आपल्या घरचे एकदा उघडवून पाहावेत.

मग पुतण्या आणि आम्ही बसून नवी यादी केली. ती किमतीच्या क्रमाने नाही. प्रत्येक वस्तूपुढे एकच प्रश्न लिहिला, ‘ही ऐन वेळी गेली तर कार्य थांबेल काय?’ ज्या वस्तूपुढे ‘होय’ आले, तिची जोड ठेवली. एक जादा एक्सएलआर तार, एक जादा माइक, संगणक गेला तर तीच गाणी भरलेला फोन आणि तो जोडण्याची तार, चिकटपट्टी, विजेरी. ज्या वस्तूपुढे ‘नाही’ आले ती कितीही देखणी असो, भाड्याने. ‘योगक्षेम’ ह्या शब्दाचा अर्थ आम्ही वर्गात कितीदा सांगितला असेल: नसलेले मिळवणे तो योग, आणि मिळवलेले राखणे तो क्षेम. योगाची यादी प्रत्येक तरुण उत्साहाने करतो. क्षेमाची यादी वडिलांनी करून द्यावयाची असते. आम्ही तीच खोडली होती.

आजवर पुतण्याची २६ कार्ये झाली, ७८,००० रुपये परत आले. दोन कार्यांत पाऊस आणि एका कार्यात जनरेटर ह्यांनी त्रास दिला. पण गाणे कोठेही थांबले नाही. बंधू अजून ह्या विषयावर फारसे बोलत नाहीत. तथापि रात्री टेम्पोचा आवाज आला की उठून दार तेच उघडतात, आणि पेट्या उचलू लागतात. मातोश्रींच्या पाटल्या कपाटातच आहेत.

ज्यांच्या घरी असा मुलगा असेल, त्यांनी त्यास धंद्याच्या नावावरून अडवू नये. पैसे देता आले तर बेताचे द्यावेत आणि कागद करावा. यादी पाहावयास बसावे, परंतु हाती लाल शाई घेऊन बसू नये. मुलगा एकदा “पण काका” म्हणाला, तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे.